नागव्वाच्या नावाची काच

मित्रांनो, मी सोलापुरातल्या एका तपासणी केंद्रातली जुनी काचपट्टी आहे. बोटाएवढी लांब, नखासारखी पातळ. आमच्या कपाटात कायम अंधार असतो. इथल्या प्रत्येक पट्टीवर कुणाच्या तरी शरीरातले, तपासणीसाठी रंगवलेले जांभळे कण चिकटलेले आहेत. त्यातली काही माणसं केव्हाच वारली, त्यांचे कण मात्र अजून तसेच आहेत. दचकलात ना? मीही दचकले होते.

कारखान्यातून आले तेव्हा मी कोरी होते आणि त्याचा मला केवढा तोरा होता! मग एका सकाळी अक्कलकोटकडची नागव्वा सुनेबरोबर आली. मेंढरांमागं जन्म गेलेली, उन्हानं रापलेली बाई. तिच्या छातीत गाठ होती. सुई टोचणारे डॉक्टर पुरुष, म्हणून ती लाजेनं चूर झाली. बसल्या बसल्या तिनं पदराआड बोट ठेवलं. "हितं हाय बगा."

डॉक्टरांनी तिथं शाईचा ठिपका दिला आणि तिला आडवं केलं. आडवं होताच गाठ आतल्या आत बोटभर सरकली. डॉक्टरांनी नागव्वाची लाज राखली, पुन्हा चाचपलं नाही. सुई ठिपक्यावरच गेली.

त्या बारीक सुईतले थेंब माझ्यावर पसरले. अहवाल आला, धोका नाही. सून प्रियंकानं केंद्रात पेढे वाटले. मला मात्र आतून चैन पडेना, कारण माझ्यावर नुसती चरबी होती. पण काचेला कोण विचारतं?

पाच महिने मी अंधारात पडून होते. अधूनमधून वाटायचं, कपाटाबाहेर कुणीतरी उभं राहून मला हाका मारतंय.

एक दिवस खरंच दार उघडलं. बाहेर प्रियंका रडत होती. "आत्यांना न्हाऊ घालताना हाताला लागली. गाठ तितंच हाय की! वाढलीया."

केंद्रातल्या डॉक्टर सिद्धेश्वरीबाईंनी मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि या काठापासून त्या काठापर्यंत तपासलं. "गाठीतलं ह्यावर काही आलेलंच नाही. नमुना अपुरा आहे, असं अहवालात लिहायला हवं होतं."

या वेळी सोनोग्राफीत गाठ बघत बघत जाड सुई घातली. शेवयांसारखे तुकडे निघाले. त्यांची काच माझ्याशेजारी आली. तो कर्करोग होता.

नागव्वा हटून बसली. "मला बगू द्या की, काय हाय त्यात."

तिनं सूक्ष्मदर्शकातून आधी मला पाहिलं. "मोकळं माळरान हाय." मग शेजारणीला पाहिलं. "हितं लई दाटी झालीया." थोडं थांबून तिनं विचारलं, "मग तवा ही कुटं हुती?"

"तिथंच, नागव्वा. सुईच्या बोटभर बाजूला," सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या.

मला फुटून जावंसं वाटलं.

मित्रांनो, तुमच्या घरच्या बायकांना माझा निरोप सांगा. डॉक्टरांपुढे लाजू नका. अहवाल चांगला आला आणि गाठ हाताला लागतच राहिली, तर पुन्हा जा, पुन्हा विचारा. माझ्यावर जे आलं नाही, ते शरीरात नाहीच असं समजू नका.

आता आम्ही दोघी एकाच खणात आहोत, दोघींवर एकच नाव आहे. कपाटातल्या कुणाची माणसं गेली, ते आम्हाला कुणी सांगत नाही. म्हणून पाऊल वाजलं की मी कान देते. नागव्वाची शस्त्रक्रिया झाली, औषधं चालू आहेत, एवढंच कानावर आलं होतं.

गेल्या सोमवारी कपाटावर टकटक झाली. पाठोपाठ दमलेला, ओळखीचा आवाज आला.

"मी हाय अजून."