बाळाबाईच्या हिरड्या

काकतीच्या भरमूची थोरली लेक बाळाबाई चौदा वर्षांची झाली, तेव्हा तिच्या हिरड्या सुजून जांभळ्या पडल्या होत्या. भाकरी चावली की घासाला रक्त लागे. खालचा पुढचा एक दात जिभेनं ढकलला तरी हले. शाळेत शेजारची मुलगी वास येतो म्हणून दूर सरकून बसली, त्या दिवसापासून बाळाबाईनं वर्गात तोंडच उघडलं नाही.

ही सन अडतीसची गोष्ट. त्या घरात सगळ्याच बायका मिश्री लावत. निपाणीकडचा तंबाखू तव्यावर काळा होईतो भाजायचा, कुटायचा आणि बोटानं दात-हिरड्यांवर चोळायचा. दोन वर्षांपूर्वी दाढ दुखली तेव्हा आईनंच, मालुबाईनं, लेकीला पहिली चिमूट दिली होती. दाढदुखी थांबली, पण मिश्री काही थांबली नाही.

भरमूनं शहरातल्या शनिवारच्या बाजाराला गाडी जुंपली तेव्हा मालुबाई लेकीला घेऊन निघाली. तिथल्या टिळकवाडीत उपेंद्र डॉक्टर मुंबईला दातांचं शिकून आले होते. त्यांनी आरशाच्या काडीनं बराच वेळ पाहिलं.

"या वयात दात हलता कामा नयेत," ते म्हणाले. "हिरड्यांखाली किटण साचलंय. वर मिश्रीचा लेप. आई, तुमचे पुढचे दात कधी गेले?"

"तिशीत गेले. आमच्यात सगळ्यांचेच जातात की."

"जायलाच पाहिजेत असं नाही. हिचा हा एक वाचणार नाही, बाकीचे राहतील. पण निम्मं काम माझं, निम्मं हिचं."

 आपण दिलेली चिमूट मालुबाईला आठवत होती.

चार शनिवार डॉक्टरांनी बारीक आकडीनं किटण खरवडलं. बाळाबाई खुर्चीचे हात घट्ट धरून बसे. हलणारा दात काढला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, पण तिनं खुर्चीचे हात सोडले नाहीत.

घरी खरी परीक्षा होती. मिश्री पूर्ण बंद. बाभळीची कोवळी काडी चावून मऊ करायची, हिरडीच्या कडेनं हलके फिरवायची, मग मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा. पहिल्या आठवड्यात रक्त आणखीच आलं. आजी ओरडली, "सोड ती काडी! पोरीचं रगत चाललंय, मिश्री लाव जरा!"

"न्हाय आज्जी. सुजल्यालं हाय म्हणून येतंय. डॉक्टरांनी सांगिटलंय, हात थांबवला तर लई वाढंल."

मिश्रीवाचून तिचं डोकं दुखे, सकाळी कशात मन लागेना. तरी ती डबीकडं गेली नाही. आठव्या दिवशी मालुबाईनं आपली डबी उचलली आणि परसात उकिरड्यावर रिकामी केली.

"आये, तू बी?"

"एवढ्याशा पोरीला जमतंय, मला न्हाय व्हय जमायचं?"

महिन्यानं रक्त थांबलं. अडीच महिन्यांनी ती पुन्हा डॉक्टरांपुढं बसली, तेव्हा हिरड्या गुलाबी आणि घट्ट होत्या. डॉक्टरांनी एकेक दात हलवून पाहिला आणि हसले.

"माझं निम्मं कुणीही केलं असतं. तुझं निम्मं फार थोडे करतात. बाहेर बसलेल्यांना सांगशील?"

व्हरांड्यात सात-आठ बायका होत्या. एका कानडी बाईची बारा वर्षांची मुलगी तोंड दाबून रडत होती. बाळाबाई आधी अडखळली. मग उभी राहून तिनं मिश्रीचं, काडीचं, रक्त येण्याचं सगळं मराठीत सांगितलं. त्या मुलीजवळ बसून तेच गावात शिकलेल्या कानडीत सांगितलं. "हेदरब्याड," घाबरू नको, म्हणत तिनं तोंड उघडून गेलेल्या दाताची जागाही दाखवली. मुलीनं रडं थांबवून आत वाकून पाहिलं.

एका बाईनं विचारलं, "कुणाची हो ही?"

"माझी," मालुबाई म्हणाली. एवढ्या मोठ्यांदा, की रस्त्यावर गाडीपाशी उभ्या असलेल्या भरमूनं वळून पाहिलं.

पुढं दोन वर्षांत त्यांच्या गल्लीतल्या नऊ मुलींनी मिश्री सोडली. आजीनं मात्र शेवटपर्यंत सोडली नाही. पण कुणी पाहुणी आली, की तीच नातीला हाक मारायची, "बाळे, ये गं, ह्यास्नी दात दाखीव."