डाव्या मुठीचं मीठ

सूपमध्ये मीठ जास्त पडलं म्हणून नातीला प्रात्यक्षिकात नापास केलं, हे ऐकून आजीच्या अंगाचा तिळपापड झाला. विद्यापीठाच्या त्याच गृहविज्ञान विभागाचं स्वयंपाकघर तिनं बत्तीस वर्षं सांभाळलं होतं. आणि मीठ कुणाचं चुकलं म्हणे, तर तिच्या नातीचं!

दुसऱ्या दिवशी ती थेट विभागप्रमुखांच्या खोलीत शिरली. या मॅडम एके काळी तिच्याकडेच कांदा चिरायला शिकल्या होत्या.

"या मावशी, बसा."

"बसायला नाही आले. सूप चाखलंस का?"

"चाखलं. चवीला छान होतं. पण वाटीत उरलेलं मीठ आम्ही परत तोलतो ना. पुस्तकापेक्षा दुप्पट गेलंय. गुण वजनाला असतात, जिभेला नाही."

आजीनं कपाळावर हात मारला. पुस्तकातलं ते वजन कुठून आलं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

विभाग काढणाऱ्या मोठ्या बाई रसायनशास्त्र शिकून आल्या होत्या. पण विद्यापीठानं त्यांना प्रयोगशाळेत पाऊल टाकू दिलं नाही. बायकांना घरकाम शिकवा म्हणाले आणि मागच्या दोन खोल्या दिल्या. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक चहाला बसले की हसायचे, "तिकडे पदवी देतात की लाटणं?" बाईंनी दातओठ खाल्ले आणि तराजू आणला. आजीनं मूठ भरायची, ती आधी तराजूत, मग पातेल्यात. बाई लिहून घ्यायच्या. सूपच्या दिवशी नेमका आजीचा उजवा हात भाजलेला. तिनं डाव्या हातानं मीठ घेतलं. डावी मूठ कुठली धड भरायला! चव घेऊन तिनं नंतर आणखी एक टाकली, पण तोवर बाई वही मिटून मोकळ्या. तिनं सांगितलं, तर म्हणाल्या, "बघू नंतर." पुस्तक तसंच छापलं गेलं. तेव्हापासून पोरींच्या पिढ्यान् पिढ्या अळणी सूप शिकून पदव्या घेत होत्या.

"मला माहीत आहे, मावशी," मॅडम हळूच म्हणाल्या. "घरी मीही दुप्पटच टाकते."

"अगं मग बदल की ते पुस्तक! हात का बांधलेत तुझे?"

"पुढच्या महिन्यात समिती येतेय. विभाग ठेवायचा की बंद करायचा, ते ठरवायला. इतकी वर्षं आमचं माप चुकलं असं मीच लिहून देऊ? म्हणतील, बघा, हे शास्त्र नव्हतंच, चूलच होती. टपूनच बसलेत."

आजीच्या जिभेवर शिव्यांची रास तयार होती. पण घालायच्या कुणाला? हसणारे निम्मे मेले होते, निम्मे घरी बसून पथ्याचं खात होते. समोरची पोर तर स्वतःच कोंडीत सापडलेली. हक्काचं भांडणसुद्धा वाट्याला येऊ नये म्हणजे काय!

"फेरपरीक्षा गुरुवारी," मॅडम म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही.

घरी नात दारातच उभी होती. "काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार! बरोबर केलंस म्हणून नापास झालीस."

"आजी, पदवी अडली तर अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेतली जागा जाईल गं. ते दुसऱ्या कुणालातरी घेतील." नात तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. "मला पुस्तकातल्यासारखं अळणी करायला शिकव."

आजीनं पातेलं इतक्या जोरात आपटलं की झाकण घरंगळत टेबलाखाली गेलं. मग ती शिकवायला बसली. नातीचा हात सवयीनं मिठाकडे वळला की ती फटका मारायची. "पुरे!" एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या खेपेला नातीनं मीठ निम्म्यावर थांबवलं.

आजीनं चमचाभर तोंडात घेतलं, मोरीपाशी जाऊन थुंकलं आणि चूळ भरली.

"झालीस पास," ती म्हणाली.