टार्गेटपासून दोन हातांवर

काळुराम सरांच्या हाताखालून गेलेलं पोर पोलिसात लागतं, रेल्वेत लागतं, निदान सुधारतं तरी. मोहन्यात कुणालाही विचारा, हेच सांगतील, आणि खोटं नाही ते. बापाला भीक न घालणारी कार्टी सरांची शिट्टी वाजली की मुकाट धनुष्य घेऊन रांगेत उभी राहायची. पण सरांची एक रीत होती, आणि तिच्याबद्दल बोलायची कुणाची छाती नव्हती. राज्य स्पर्धेला निघालेलं पोर मैदानावर शेवटचा बाण सोडायचं, तेव्हा सर स्वतः टार्गेटपासून दोन हातांवर उभे राहायचे. माझा तुझ्यावर विश्वास आहे, हे तोंडाने न बोलता सांगायची ही त्यांची तऱ्हा. वीस वर्षांत साधा ओरखडा उठला नव्हता. आईबाप डोळे मिटून घ्यायचे आणि मग पेढे वाटायचे.

या रविवारी पाळी संचिताची होती, आणि तिची पाचावर धारण बसली होती.

तीन आठवडे झाले, तिची बोटं तिचं ऐकेनाशी झालेली. दोरी हनुवटीपर्यंत ओढली, टार्गेटच्या मधला पिवळा गोल समोर आला, की बोटं आपणहून उघडायची. नेम बसायच्या आत बाण गेलेला असायचा. एक तर टार्गेट सोडून मागच्या गवतात घुसला. सरांनी विचारलं तेव्हा दोरी ओढताना बोटांना लावायचं चामडं सरकलं, अशी तिने थाप मारली. खरं सांगितलं तर स्पर्धेतून नाव कटणार होतं. बाबांनी डोंबिवलीच्या कंपनीत डबल ड्यूट्या करून नवं धनुष्य आणलेलं, त्यांना काय तोंड दाखवणार?

सकाळी देवापुढे उभी राहून तिने सरांना आज ताप येऊ दे, असं मागितलं. इतकं येडं मागणं देवानेही कधी ऐकलं नसेल. सर आपले आठाच्या ठोक्याला हजर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

ते पन्नास मीटर चालत गेले, टार्गेटशेजारी उभे राहिले, हात मागे बांधले आणि हसले. मागे रांगेत बाकीची पोरं होती. गेल्या रविवारी ज्याची पाळी झाली तो नीलही होता. त्याचा बाण थेट पिवळ्यात बसलेला.

संचिताने दोरी ओढली. पिवळा गोल आला, आणि त्याच्या बाजूला तो शर्ट. बोटं सैल व्हायला लागली. आता सुटणार, हे तिला कळलं. तिने सगळा जीव एकवटून धनुष्य खाली वळवलं, त्याच क्षणी बोटं उघडली. बाण तिच्यापुढे तीन पावलांवर मातीत घुसला.

सर चालत आले. ती बोलली. बोटं आपोआप सुटतात, तीन आठवडे झाले, मी खोटं बोलले, सगळं एका दमात सांगून टाकलं.

सर मातीतल्या बाणाकडे बघत होते. "आधी का नाही बोललीस, बाळा?"

"तुम्ही तिथे उभे राहणार होतात, सर. तुमचा एवढा विश्वास. माझाच माझ्यावर नाही, हे तुम्हाला कसं सांगणार?"

सरांनी मातीतला बाण उपसला. मग रांगेकडे वळून त्यांनी हळू आवाजात विचारलं, असं अजून कुणाचं होतं का? कुणी हललं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा नीलने हात वर केला.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून, सर."

सरांचा हात आपसूक गळ्याशी गेला. "म्हणजे गेल्या रविवारीसुद्धा?"

नीलने मान डोलावली. "तुमच्याकडे बघवत नव्हतं. डोळे मिटून सोडला."

सर होते तिथेच मातीत बसले. संचिताने त्यांचा दंड धरला.

"आणि याच्या आधीची वीस वर्षांची पोरं?" सरांनी विचारलं. पण ते सांगायला तिथे त्यांच्यातलं कुणीच नव्हतं.