बांधावर उलटी पुरलेली तंगडी

मी एक पक्षी बोलतोय. म्हणजे पक्ष्यातलं आता एवढं तंगडीचं हाडच उरलंय, पण बोलायला तेवढं पुरतं.

माझी उंची दीड पुरुष होती. बरं, पुरुषभर धरा. चोच मात्र कुऱ्हाडीएवढी होती, त्यात मी एक बोटही कमी करणार नाही. पंख होते ते नावापुरते. ज्याला पाहून सगळं रान पळायचं, त्यानं उडून जायचं कुठं?

हे सगळं दक्षिण अमेरिकेतलं. पुढं मेलो, चिखलात रुतलो, हाडाचा दगड झालो. ह्यात काही लाख वर्षं गेली. त्या मुदतीत विशेष असं काही घडलं नाही.

मग एका साहेबानं मला उकरलं आणि पाचगणीला एका बोर्डिंग शाळेच्या काचेच्या कपाटात आणून ठेवलं. खाली चिठ्ठी लावली, ‘करकोचा’. त्याच्या मागून आलेल्या साहेबानं ते खोडून ‘शहामृग’ लिहिलं. शहामृग पाला आणि बिया खातं हो. इतका अपमान मरतानाही झाला नव्हता.

त्रेसष्ट साली कपाटाला वाळवी लागली आणि मी भंगारात निघालो. शाळेचा शिपाई तात्याबा त्याच महिन्यात निवृत्त होऊन कडेगावला निघाला होता. दगड वजनदार आहे, उसाच्या बांधावर खुणेला होईल, म्हणून त्यानं मला वळकटीत बांधलं आणि गावी नेऊन बांधावर पुरलं. पुरलं ते उलटं. माझ्या खालच्या टोकाला तीन बोंडं आहेत, तीन बोटं बसायची तिथली. ती आली वर.

शेजारच्या शेतातला गुंडा दाढदुखीनं बेजार होऊन माझ्याशी टेकून बसला आणि त्याची दाढ थांबली. आता ती थांबायचीच होती, का मी थांबवली? मी थांबवली असंच धरून चालू. त्यानं वळून पाहिलं तर तीन तोंडं. दुसऱ्या दिवशी मला शेंदूर लागला. जन्मभर पायावर उभा राहिलो आणि शीर्षासनात देव झालो.

देव झाल्यावर पहिला प्रश्न नैवेद्याचा. इकडं काही देवांना पुरणपोळी चालते, तो गोडा नैवेद्य. काहींना कोंबडं लागतं, तो खारा. दाढ बरी झालेल्या गुंडाला मी खारा देव आहे याबद्दल तिळभर शंका नव्हती. दाढ त्याची, पण पहिला मान जागेच्या मालकाचा, असंही त्यानंच ठरवलं. म्हणजे तात्याबाच्या घरचं कोंबडं.

तात्याबाच्या घरी एकच कोंबडा होता, जमादार. मुंगसानं कोंबडी नेली तेव्हा हे एकटं पिल्लू मागं राहिलं. तात्याबाच्या बायकोनं, धोंडुबाईनं, त्याला चुलीपाशी बुट्टीत ठेवून कण्या भरवून वाढवलं होतं. ती म्हणाली, देव गोडा हाय. तात्याबा मधल्यामधे तंबाखू मळत राहिला. भांडण वाढलं तेव्हा गावातल्या मास्तरांनी सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापक हुक्केरींना बोलावून घेतलं. ते सांगतील ते मान्य करायचं ठरलं.

हुक्केरी एस.टी.नं आले. बांधाशी चपला काढल्या, परवानगी घेऊन रुमालानं थोडा शेंदूर पुसला, टिचकी मारली, फुटक्या कडेतून आत पाहिलं. म्हणाले, हाड आहे, पक्ष्याचं. ना करकोचा, ना शहामृग, हा न उडणारा शिकारी पक्षी. मी उठून त्यांच्या पाया पडलो असतो. उलटा पुरलेला होतो, म्हणून राहिलं.

धोंडुबाई जमादाराला काखेत घेऊन पुढं आली. “आवं सायेब, ह्यो खात काय हुता?”

हुक्केरींनी कोंबड्याकडं पाहिलं, बाईकडं पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. पाला म्हणाले असते तर कुणाला कळणार होतं? मी मात्र जीव मुठीत धरून होतो. पुन्हा गवतखाऊ ठरायची माझी तयारी नव्हती.

“मांस,” ते हळूच म्हणाले.

मला धन्य वाटलं. मग धोंडुबाईचं तोंड दिसलं आणि धन्यपण उतरलं. गुंडा सुरी आणायला वळलासुद्धा.

“थांब रं,” धोंडुबाई म्हणाली. “सायेब, ह्येला मारून आयतं दुसरं कुणी देत हुतं का?”

“नाही बाई. स्वतः पळून धरायचा.”

“मग दुसऱ्याच्या सुरीचं ह्यो कशाला खाईल?” तिनं जमादाराला माझ्यासमोर खाली सोडलं. “दिवस मावळंपतूर हितंच ऱ्हाईल. देवानं धरला तर देवाचा. न्हाई धरला तर माजा.”

तात्याबा पहिल्यांदाच बोलला, “बराबर हाय.”

सगळे बांधावर बसले. गुंडानं मला हात जोडून दोनदा विनवलं. मीही जोर लावला, खोटं कशाला सांगू, पण उलटं पुरलेल्यानं पळायचं कसं? जमादारानं धोंडुबाईनं माझ्यासमोर ठेवलेला गूळभात उकरून खाल्ला, पंख फडफडवून माझ्या मधल्या तोंडावर चढला आणि आरवला. दिवस मावळला तसा गुंडा उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, देव म्हातारा झालाय.

मला सांगलीला नेण्याची इच्छा हुक्केरींनी जाताना नुसती डोळ्यांनी सांगितली. देव कसा मागायचा?

तेव्हापासून मला गोडा नैवेद्य असतो आणि तो जमादार खातो. तुम्ही कधी या बाजूला आलात तर त्याला माझ्या डोक्यावरून हुसकावून लावा, एवढीच विनंती. नाहीतर राहू द्या. अंगाला ऊब लागते, आणि काही झालं तरी भावकीतला आहे.