पेटीतला वरचा थर

माझे वडील चंपतराव यांनी काटोलच्या बाजारात चाळीस वर्षं संत्री विकली. त्यांच्या पेटीबद्दल बाजारात एकच गोष्ट सांगितली जायची: वरून उघडा नाहीतर खालून, फळ सारखंच. वर मोठी, चकचकीत फळं मांडायची आणि तळाशी बारीक, डागी माल दडवायचा, असं करणाऱ्याला बाबा माणसातच धरत नसत. मी आठ वर्षांची असताना हौसेने एका पेटीत सगळी मोठी संत्री वर रचली होती. त्यांनी ती पेटी अंगणात ओतली आणि मला पहिल्यापासून भरायला लावली. मी रडत रडत भरली.

म्हणून यंदा फेब्रुवारीत त्यांनी दवाखान्यात जे केलं, त्याची मला शंकाही आली नव्हती.

त्यांना फ्लू झाला होता. शुक्रवारी ताप चढला, शनिवारी धाप लागली, तेव्हा मी त्यांना काटोलहून नागपूरला आणलं आणि धंतोलीतल्या एका दवाखान्यात भरती केलं. तपासणीत इन्फ्लुएंझाच निघाला. गोळ्या सुरू झाल्या, नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. दोन खाटांची खोली होती आणि दुसऱ्या खाटेवरही फ्लूचाच पेशंट. भेटायला दिवसातून एकाच माणसाला परवानगी, मास्क लावून, संध्याकाळी पाच ते सहा.

आमच्याकडे माणूस दवाखान्यात असताना भेटायला न जाणं म्हणजे जवळजवळ वैर. बाबांची मोठी बहीण, जिजाबाई आत्या, हिने रविवारीच गाडी ठरवली होती.

"नऊ जण येऊन राहिलो आम्ही," ती फोनवर म्हणाली.

"आत्या, एकालाच सोडतात."

"मंग थो एक मी."

"तुम्ही पंचाहत्तरच्या. तुम्हाला लागण झाली तर?"

"मले काय होते वं? मी हैजा पाह्यला आहे."

हैजा, म्हणजे पटकी, पाहिलेल्या माणसाला फ्लू होत नाही हे कुठे लिहिलंय, असं मी विचारलं. तर ती म्हणाली, तू लायब्ररीत असते, तूच शोध. मी खरोखरच एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. शेवटी गाडी रद्द झाली, पण आत्या दोन दिवस माझ्याशी रुसून होती.

दुसऱ्या खाटेवरचा दुर्गेश तिशीतला, कळमेश्वरच्या एका कारखान्यात कामाला. ताप उतरला होता, खोकला तेवढा उरला होता, आणि भूक. मी बाबांसाठी डब्यात आणलेला वरण-भात तो डोळ्यांनीच जेवायचा, म्हणून सोमवारपासून मी दोन डबे आणू लागले.

गुरुवारी आईचं वर्षश्राद्ध होतं.

आई गेल्या वर्षी याच आजाराने गेली. मृग बहाराच्या संत्र्यांची तोडणी चालू होती, बगिच्यात आठ मजूर होते, आणि अंगात ताप असताना ती त्यांच्या भाकरी थापत होती. कोणी विचारलं की म्हणायची, "अंगच दुखून राहिलं, बाकी काही नाही." तिला मधुमेह होता. पाचव्या दिवशी तिचे ओठ निळे पडले. तेव्हा दवाखान्यासमोरच्या दुकानातून मी ऑक्सिजन मोजायचं ते बोटाला लावायचं छोटं यंत्र घेतलं. ते एकदाच वापरलं. त्यानंतर वर्षभर ते माझ्या पर्समध्ये होतं, कपाटांच्या किल्ल्या आणि चष्म्याचं घर यांच्या मधे.

मंगळवारी संध्याकाळी पाचला मी खोलीत गेले, तर बाबांच्या नाकाची नळी काढलेली.

"उद्या सोडून राहिले मले," ते म्हणाले. "साध्या हवेवर अठ्ठ्याण्णव आलं. दोनदा. डॉक्टरीणबाई म्हणे, रात्री आणखी एकदा पाहू, मंग सुट्टी."

मला इतका आनंद झाला की मी डबा उघडायचंच विसरले. गुरुवारी ते काटोलला असणार, पाटावर बसणार, सगळं रीतसर होणार. मुलगा नाही, त्यामुळे श्राद्धाला बसायचं त्यांनाच. भरती झाल्यापासून ते दुसरं काही बोलतच नव्हते.

मग ते बाथरूमला जाऊन आले. सहा पावलं जायची, सहा यायची. परत येऊन खाटेची कड धरून बसले.

"गुरुजीले..." ते म्हणाले, आणि थांबले. "सांग... दहा वाजता..."

खाटेच्या पायथ्याशी तक्ता लटकत होता. दुपारी बारा, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव, नाडी बहात्तर. दुपारी चार, अठ्ठ्याण्णव, नाडी सत्तर. मी त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळ लावून नाडी मोजली. एकशे आठ.

"बाबा, बोट द्या."

"काहून?"

"द्या ना."

"आत्ताच तं पाह्यलं त्या पोरीनं." आणि त्यांनी हात पांघरुणाखाली घातला.

पलीकडे दुर्गेशनेही हात पांघरुणाखाली घातला. दोघे पुरुष हात झाकून छताच्या पंख्याकडे बघत राहिले.

"दुर्गेशभाऊ, तुमच्या हाताला काय झालं?"

"माझ्या? काही नाही ताई. थंडी वाजून राहिली."

"पंखा तर तुम्हीच चारवर केलाय."

दुर्गेश बिचारा खोटं बोलायला फार कच्चा होता. त्याने बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"काकाजींनी पेटी कबूल केली ताई. संत्र्याची. अख्खी."

"चूप बे!" बाबा ओरडले, आणि पाच मिनिटं खोकत राहिले.

युक्ती सोपी होती. खुशी नावाची सिस्टर यंत्र बाबांच्या हातात द्यायची, "लावा बाबाजी," म्हणायची आणि पाठ वळवून ट्रेवर इंजेक्शन भरायची. तेवढ्यात यंत्र दोन खाटांमधल्या पडद्याखालून दुर्गेशच्या बोटावर जाऊन, आकडा घेऊन परत यायचं.

मी पर्समधून आईचं यंत्र काढलं. बाबांनी ते ओळखलं. मग त्यांनी बोट पुढे केलं.

एकोणनव्वद.

"पेटी कबूल केली तुम्ही," मी म्हणाले.

"हाव."

"वर कोणती फळं लावणार होता?"

त्यांनी यंत्र बोटावरून काढून चादरीवर ठेवलं.

"वर अठ्ठ्याण्णव मांडलं, खाली एकोणनव्वद. अशी पेटी काटोलच्या बाजारात कोण विकतं बाबा?"

"तोंड सांभाळ अस्मिता." आवाज चढवायला त्यांच्याकडे श्वास नव्हता. "तुह्या आईचं वर्षाचं काम आहे. मी नाही बसलो तं कोण बसन? तिले काय वाटन?"

"आईनेही आपल्याला वरचाच थर दाखवला होता," मी म्हणाले. "आपण दोघांनी तो पाहिला आणि पेटी उचलली."

हे मी वर्षभरात कोणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. बाबांनी पंख्याकडे तोंड केलं. दुर्गेशला खोकला येत होता, पण तो दाबून धरून बसला.

पावणेसहाला खुशी आली. मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "सिस्टर, थे अठ्ठ्याण्णव माहे नोहोत."

"म्हणजे?"

"त्याचे होत."

खुशीने एकदा एक तक्ता पाहिला, एकदा दुसरा. "मग बाबाजी, तुमचे कुठे आहेत?"

दहा मिनिटांत डॉक्टर रीना आल्या. पाठ ऐकली, नवा एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसात खाली पांढरा डाग होता. फ्लूने आत जखमा करून ठेवल्या होत्या आणि तिथून दुसरेच जंतू शिरले होते. न्यूमोनिया. फ्लूच्या गोळ्या त्याला चालत नाहीत, त्याला वेगळी इंजेक्शनं लागतात, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"घरी गेला असता तर?" मी विचारलं.

त्यांनी एक्स-रे पाकिटात घातला. बाबांना विचारलं, "बाबाजी, कधीपर्यंत चालवणार होता हे?"

"गुरुवारपर्यंत."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारचं काही ठरलं नोहोतं," बाबा म्हणाले. डॉक्टर मास्कच्या आत हसल्या, ते डोळ्यांवरून कळलं. नळी पुन्हा नाकाला लागली.

बाहेर येऊन मी आत्याला फोन केला. रुसवा विसरून तिने मधे एकदाही न तोडता सगळं ऐकून घेतलं, हेच मोठं आश्चर्य.

"येडा आहे माहा भाऊ," शेवटी म्हणाली. "काल मले सांगे, मी आता पळून राहिलो म्हणून."

"गुरुवारचं काय करायचं आत्या?"

"काय करायचं? अमावास्येले करायचं. मी शनवारीच गुरुजीले विचारून ठेवलं. करणारा बिमार असन तं पुढच्या अमावास्येले चालते म्हणे."

"मग बाबांना का नाही सांगितलंत?"

"त्यानं विचारलंच कुठी? थो तं टनटनीत होता न!"

मी जिन्यात उभी राहून हसले. वर्षभरात पहिल्यांदा इतकं हसले असेन. वॉचमनने विचारलं, ताई, पेशंटला सुट्टी झाली का? मी म्हटलं, नाही, मुक्काम वाढला.

दुसऱ्या दिवशी दुर्गेश घरी गेला. दारातून त्याने हळूच विचारलं, "काकाजी, पेटी?"

"कायची पेटी बे? खोट्या मालाले पेटी नसते." मग थोड्या वेळाने, "अमावास्येले ये जेवाले. काटोलले. बायकोले आण."

गुरुवारी पाच वाजता मी एक संत्रं घेऊन गेले. बाबांनी ते सोललं, साल नाकाजवळ नेली.

"वास येत नाही वं," ते म्हणाले. फ्लूने त्यांचं नाक बंद करून टाकलं होतं. "तू घे. कसं आहे?"

"गोड आहे. जरा हिरवट."

"उत्तरेच्या धुऱ्यावरचं असन," ते म्हणाले. त्या बांधावरची चार झाडं आईने लावली होती. अर्धं त्यांनी खाल्लं, अर्धं मी. सहा वाजता खुशीने मला बाहेर काढलं.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, अमावास्येला, बाबा पाटावर बसले. मधेच त्यांना दम लागायचा, तेव्हा गुरुजी मंत्र सावकाश म्हणायचे. तर्पणाचं पाणी त्यांनी स्वतःच्या हाताने सोडलं.

दुर्गेश बायकोसकट आला. पंगतीआधी बाबांनी त्याच्यासमोर एक पेटी आणून ठेवायला लावली.

"उलटी कर."

"राहू द्या काकाजी, विश्वास आहे."

"विश्वास ठेवू नको. पाह्य."

दुर्गेशने अंगणात पेटी ओतली. वरची आणि खालची फळं कोणती, ते कोणालाही सांगता आलं नसतं. बाबांनी एक उचललं, नखाने साल ओरबाडली, नाकाजवळ धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

मग माझ्याकडे न बघता बोट पुढे केलं. "लाव."

शहाण्णव.

"माहं पाह्य वं," आत्या म्हणाली. तिचं सत्त्याण्णव आलं.

"हिचं जास्त कसं?" बाबा म्हणाले. "यंत्र बिघडलं."

"मी हैजा पाह्यला आहे," आत्या म्हणाली, आणि यंत्र शेजारणीच्या बोटाला लावून मोकळी झाली. मग गुरुजींच्या, मग दुर्गेशच्या बायकोच्या. वरण वाढून होईपर्यंत ते पंगतीच्या दुसऱ्या टोकाला पोचलं होतं. मी ते परत मागितलं नाही.