गोळ्यांचे वाटे

मला कोणी वाटणी शिकवू नये. चार भावांत मी धाकटा, आणि चाळीस वर्षं चांदूर बाजारला जमिनीवर पोतं अंथरून भाजी विकली. वांगी, टमाटे, मिरच्या, मळ्यात निघेल ते. वजनकाटा मी फार उशिरा घेतला. त्याआधी वाटे लावायचो. मालाचे सारखे ढीग करायचे, प्रत्येक ढिगात चार टणक, दोन मऊ, एखादं किडकं. गिऱ्हाइकानं कोणताही वाटा उचलावा, कोणावर अन्याय नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यावरून अकोल्याच्या शिकलेल्या लोकांनी मला अडाणी ठरवलं. मी अडाणी नाही. मी चुकलो, ही गोष्ट वेगळी.

माझी बायको गंगू. तीन वर्षांपूर्वी ती विसरायला लागली. आधी भाजीत मीठ टाकल्याचं विसरायची, मग मिठाचा डबा कुठे ते, मग घरी यायची वाट. शेवटी मला विसरली. आमची मुलगी खुशी नागपूरला दिली आहे, तिला फोनवरच्या आवाजानं ओळखायची, आणि बेचाळीस वर्षं संसार केलेला नवरा समोर बसलेला असताना त्याला 'भाऊ' म्हणायची. तिच्या हिशेबानं मी झेंडू घ्यायला आलेला अमरावतीचा व्यापारी होतो आणि भाव पटत नाही म्हणून मुक्काम ठोकून बसलो होतो. "चहा घ्या भाऊ, पन भाव कमी होनार नाही," असं रोज सकाळी. चहा मात्र फर्मास करायची. मला राग यायचा, रडूही यायचं, आणि मी चहा पिऊन घ्यायचो.

मला जास्त काही नको होतं. तिनं एकदा माझ्याकडे पाहून म्हणावं, हा शेषराव, हा माझा नवरा. बस, एवढंच.

अशात ग्रामपंचायतीत अकोल्याच्या एका मेंदूच्या दवाखान्याचं शिबिर लागलं. विसरायच्या आजारावर नवीन गोळी निघाली होती, दुकानात अजून आली नव्हती, आणि तिची चाचणी चालू होती. आमच्या गावातून सहा जण निवडले. गंगू, आमचे शेजारी नत्थुजी, वरच्या आळीतल्या माणिकबाई आणि आणखी तिघं. गीतांजली नावाची एक तरुण मॅडम सगळं समजावून सांगायला होती. पोरगी हुशार आणि मायाळू, हे मी आजही म्हणेन.

"काका, काही लोकांना खरं औषध मिळेल, काहींना अगदी तशीच दिसणारी साधी गोळी मिळेल. साध्या गोळीत काही नसतं."

"कोनाले काय द्याचं, हे कोन ठरवते?"

"कॉम्प्युटर."

"अन तुमाले मालूम राहते?"

"नाही. मला नाही, मोठ्या डॉक्टरांना नाही. शेवटपर्यंत कोणालाच नाही. तरच चाचणी खरी."

मी मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलं. ते हसत हसत मान डोलावत होते. आपण काय देतो ते आपल्यालाच ठाऊक नाही, हे इतक्या समाधानानं कबूल करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मी गिऱ्हाइकाला म्हटलं असतं, बाई, हे वांगं आहे की दगड ते मलाही माहीत नाही, घरी जाऊन कापून पाहा, तर मला बाजारातून हाकलून दिलं असतं. पण ते पडले डॉक्टर. मी चोवीस पानांच्या कागदावर सही केली. आठव्या पानापर्यंत वाचलाही होता. त्यापुढे डोळे चुरचुरायला लागले.

दर महिन्याला दवाखान्याची पांढरी गाडी यायची आणि आम्हाला अकोल्याला न्यायची. तिथे परीक्षा. गीतांजली तीन शब्द सांगायची, पेरू, कंदील, बैलगाडी, आणि पाच मिनिटांनी विचारायची की मघाशी मी कोणते शब्द सांगितले. गंगू तिच्याकडे काळजीनं पाहायची.

"आत्ताच त सांगतले तुमी बाई. तुमाले याद नाही राहत काय?"

पडद्यामागे बसलेल्या आम्हा नातेवाइकांना मात्र ते शब्द असे पाठ झाले की परतीच्या वाटेवर गाडीत सगळे तेच म्हणत होते. ते ऐकून ऐकून नत्थुजी तर घरी गेल्यावरही म्हणत राहिले. सून वर्षालीनं विचारलं, जेवायला काय करू, तर म्हणाले, कंदील.

प्रत्येकाला नंबर लिहिलेली एकेक डबी मिळाली. तीस गोळ्या, पांढऱ्या, गोल, सहाही डब्यांत हुबेहूब. आठच दिवसांत गंगूचं पोट बिघडलं. सकाळी मळमळ, दुपारी उलटी, तोंडाला चव नाही. आणि तिकडे नत्थुजी खुलले! दोन भाकरी जास्त खायला लागले, गालावर लाली आली, पारावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारायला लागले. नावं चुकीची असायची, पण हाक दणदणीत.

मी रात्रंदिवस विचार केला. चाळीस वर्षांचा अनुभव एकच गोष्ट सांगत होता. चांगल्या मालानं माणूस खुलतो, खराब मालानं पोट बिघडतं. म्हणजे खरं औषध नत्थुजीच्या डबीत होतं आणि आमच्या गंगूला कॉम्प्युटरनं फुसका माल दिला होता. मला आश्चर्य वाटलं नाही. भावांच्या वाटणीतही खडकाळ तुकडा माझ्याच वाट्याला आला होता. पण तेव्हा मी एकटा होतो, गप्प बसलो. गंगूच्या वाट्याला खडक येऊ देणार नव्हतो.

मी सहाही घरांना अंगणात बोलावलं. नत्थुजी खुलल्याचं मी एक अक्षर काढलं नाही. म्हटलं, "हे पाहा, कोनाच्या डबीत औषध हाये अन कोनाच्या डबीत खडू, हे डॉक्टरलेच माहीत नाही. मंग आपन कावून जुगार खेळावा? साऱ्या गोळ्या एका जागी करू अन सारखे वाटे लावू. ज्याले त्याले थोडं थोडं औषध भेटन. कोनी उपाशी नाही."

वर्षाली म्हणाली, "आमच्या मामंजीले त गुन येऊन राहिला ना. आमी कावून देवाव?"

"गुन आला? परवा तुनं जेवन विचारलं त कंदील मांगितला त्याईनं. उद्या डबीत खडू निघाला त?"

तिनं डबी पुढे केली. माणसाला खडूची भीती घातली की तो डबी सोडतो.

बारदान्यावर स्वच्छ धोतर अंथरलं. डब्या रिकाम्या केल्या, हातानं खालवर ढवळलं, मग पाच-पाच मोजून मी सहा वाटे लावले. आयुष्यात इतके देखणे वाटे लावले नव्हते. आता रीत अशी, की वाटे झाले की एका माणसानं पाठ करून उभं राहायचं. दुसरा एका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, हा कोणाचा? पाठमोरा माणूस न पाहता नाव घेतो. मग कोणी कोणाला बोल लावायचा नाही. सगळ्यांचं एकमत झालं की हे काम गंगूचं, कारण तिला कोणाशी घेणंदेणं उरलं नव्हतं.

"हा कोनाचा?" मी विचारलं.

"सासूबाईचा," गंगू म्हणाली.

माझी आई जाऊन सव्वीस वर्षं झाली.

"हा कोनाचा?"

"लाल्या बैलाचा."

असे सहा वाटे तिनं मेलेल्या माणसांना, एका बैलाला आणि खुशीच्या शाळेतल्या बाईंना वाटून टाकले. मग जमलेल्या सगळ्यांनीच पंच होऊन ठरवलं, सासूबाईचा वाटा माणिकबाईनं घ्यावा, बैलाचा नत्थुजीनं. नत्थुजींनी आनंदानं घेतला. रीत पाळली गेली, भांडण झालं नाही.

आणि पंधरा दिवसांत गंगूची मळमळ थांबली! भाकरी खायला लागली. मी छाती काढून गावभर फिरलो. पाहा म्हटलं, चांगला माल पोटात गेला. पाच महिने दर महिन्याला नव्या डब्या आल्या की वाटे लागले. परीक्षेत कोणाला काही आठवत नव्हतं, अपवाद फक्त नत्थुजी. ते एकदा तिन्ही शब्द बोलले, सुनेला नावानं हाक मारली, त्यांनीच कधीतरी लपवलेला विळा कुठे आहे ते दाखवलं. लोक त्यांना बघायला यायचे. मी पण गेलो, हसलो, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा मत्सर वाटला. माझ्या अंगणात, माझ्या हातानं लावलेला वाटा, आणि गंगू अजून मला म्हणत होती, "भाऊ, सीझन संपत आला. घेता का झेंडू?"

सहाव्या महिन्यात गीतांजली एकटीच गावात आली. चेहरा उतरलेला. सगळ्यांचं रक्त तपासलं होतं. म्हणाली, "काका, सहाही जणांच्या रक्तात औषध सापडलं. अगदी थोडं, पण सगळ्यांच्या. हे होऊच शकत नाही. कंपनीकडून घोटाळा झाला का, म्हणून चौकशी लागली आहे, तुमच्या सहा जणांची यादीही उघडावी लागली."

मला वाटलं, आता आपला सत्कार होणार. मी तिला बारदान्याची जागा दाखवली, वाटे कसे लावतात ते शेंगदाण्यांवर करून दाखवलं, पाठमोऱ्या माणसाची रीत सांगितली. तुमच्या कॉम्प्युटरपेक्षा हे जुनं आहे म्हटलं. ती शेंगदाण्यांकडे पाहत राहिली. मग ओट्यावर बसली आणि दोन्ही हातांत डोकं धरलं.

"काका, तुम्ही सगळे आता चाचणीतून बाद. यापुढे गोळ्या येणार नाहीत."

"बरं. पन थे यादी त उघडली ना आता. कोनाच्या डबीत होतं, थे सांगा."

"नका विचारू."

"कावून नको? मले मालूमच हाये. नत्थुजीच्या."

"नत्थुजींच्या डबीत काही नव्हतं. बरं वाटल्यासारखं होतं कधी कधी. कोणी लक्ष देतं, गाडीत बसवून नेतं, त्यानंही." तिनं डोकं वर केलं. "सगळ्या गावांत मिळून निम्म्यांना खरं औषध होतं, काका. तुमच्या सहा जणांत एकच डबी खरी होती."

मी विचारायला नको होतं. पण वाट्यात काय होतं ते न विचारता उठणारा माणूस मी नाही.

"गंगूबाईंची," ती म्हणाली. "पहिल्या महिन्यात त्यांना मळमळ झाली असेल ना? सतराव्या पानावर लिहिलं होतं. औषध लागू पडायला लागलं की आधी मळमळ होते."

मी तिला म्हटलं, तिच्यापुरती गोळी द्या. माझी जमीन घ्या, मला तुरुंगात टाका, पण तिला तेवढी द्या. पोरगी रडायला लागली. म्हणाली, काका, ती माझ्या हातात नाही. दुकानात यायला अजून कितीतरी वर्षं आहेत, येईलच याचीही खात्री नाही. पूर्ण घेतली असती तरी गंगूबाईंना गुण आलाच असता असं नाही, हे ती तीनतीनदा म्हणाली. मला ते पटलं नाही आणि कधी पटणार नाही. गाडीपर्यंत मी तिला पोचवायला गेलो, कारण ती पाहुणी होती.

परत आलो तेव्हा गंगू अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. तिनं टोपलं थोडं माझ्याकडे सरकवलं.

"काय झालं भाऊ? तोंड कावून उतरलं?"

मी सांगितलं. एक बाई होती, तिचं औषध होतं. तिच्या नवऱ्याला वाटलं ते खराब आहे. त्यानं ते गावात वाटून टाकलं. तिच्याच तोंडानं वाटून घेतलं. आता ते संपलं.

गंगूनं शेंग हातात धरून सगळं ऐकलं. "अरेरे," ती म्हणाली. "कोन होता थो मानूस?"

"मीच."

"अन थे बाई?"

"माही बायको."

"सांगतलं काय तिले?"

"आत्ता सांगतलं."

"मंग काय म्हने?"

"काहीच म्हने नाही."

गंगूनं हातातली शेंग खाली ठेवली. माझ्याकडे इतक्या मायेनं तिनं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"मंग इथं कावून बसले भाऊ? तिच्यापाशी जाऊन बसा ना."

मी हललो नाही. शेंगा सोलत तिथेच बसून राहिलो.