झाडावर पिकलेले घड

फोनवर

सगळं ठीक आहे, असं भूपेंद्र सांगतो. जेवण ठीक, झोप ठीक, हवा तर आपल्या तापीकाठासारखीच. लढाई लांब आहे. आम्ही शांतिसेनेचे, निळ्या टोपीवाले, आम्हाला कोण काय करतो?

जसोंडीत मालूबाई ऐकून घेते. टीव्हीवर लेबनॉनचं नाव आल्यापासून ती पोराचा फोन येईस्तोवर संध्याकाळचा घास घेत नाही. रेंज नसली की उपाशीच निजते. म्हणून भूपेंद्र प्रत्येक वेळी शेवटी एकच सांगतो, "जेव आता, माय."

फोन ठेवल्यावर

वाळूच्या पोत्यांची भिंत, एक मनोरा, एक जमिनीखालची खोली. एवढीच चौकी. सकाळी टाकीत पाणी किती ते बघायचं, जनरेटरला डिझेल पाजायचं, मग मनोऱ्यावर उभं राहून रस्ता बघायचा. कुठे धूर उठला, कुठून आवाज आला, ते वायरलेसवर कळवायचं. आवाज जवळ आला की खाली पळायचं. खालच्या खोलीत पत्ते खेळून खेळून बदामाची राणी पालथीही ओळखू येईल इतकी मळली आहे.

तो आला तेव्हा रस्त्यावरून शाळेची गाडी जायची. आता एक कुत्रं जातं, तेही थांबत नाही.

सगळ्यांशी हिंदी. मराठी फक्त फोनात उरली आहे. आणि समोर, रस्त्यापलीकडे, घरच्यासारखीच केळीची बाग. तो तिच्याकडे इतका बघतो की हवालदार ठाकूर म्हणतो, "क्यों केलेवाले, ससुराल देख रहा है?"

फोनवर

रेंज नाही.

फोनवर

अजून नाही.

फोनवर

लागला. माय दोन दिवस जेवली नाही, असं त्याच्या वडिलांनी, लीलाधर आबांनी, हळू आवाजात सांगितलं. भूपेंद्रला एक युक्ती सुचली. मनोऱ्यावरून बागेचा फोटो काढला आणि आबांना पाठवला. मायला दाखवा म्हणाला. केळीच्या बागेशेजारी राहतोय, हे पाहिलं की तिचा जीव थंड होईल.

फोन ठेवल्यावर

थोड्या वेळानं आबांचाच फोन आला. मागे विहिरीवरची मोटर ऐकू येत होती, म्हणजे घरापासून लांब येऊन बोलत होते.

"भूपेन, घड पिवळे आहेत."

"हो आबा, मस्त आहेत ना?"

"झाडावर पिवळे आहेत."

मोटर चालू होती.

"अरे, केळी हिरवी कापतात. वैऱ्याच्या बागेतही कोणी घड झाडावर पिकू देत नाही. वाळली पानंही कोणी काढली नाहीत. माणसं कुठं गेली?"

भूपेंद्रनं समोर पाहिलं. घड फुटले होते, माश्या घोंघावत होत्या. रोज बघत होता. घरची आठवण यायची तेव्हा त्याला फक्त केळ दिसायची, बाग दिसायचीच नाही. केळीवाल्याच्या पोरानं हा फोटो पाठवावा!

"गेली, आबा. सगळं गाव गेलं."

आबा म्हणाले, "तुझ्या मायला दाखवला नाही अजून. तिचा जन्म घडांना टेकू लावण्यात गेला, ती माझ्याआधी ओळखेल. दुसरा काढ. घड नको येऊ देऊ त्यात."

फोनवर

दुसरा फोटो: चार पानांची टोकं आणि आभाळ.

मालूबाईला आवडला. पानं रुंद आहेत म्हणाली, जमीन चांगली असेल. मग म्हणाली, "पण घड कुठं रे?"

"कापले, माय. परवाच कापणी झाली."

"कोण आलं होतं कापायला?"

आता थांबता येत नव्हतं. सात-आठ जण होते, तो म्हणाला. एक म्हातारा सगळ्यांवर ओरडत होता, आपल्या निंबाकाकासारखा. बायांनी डोक्यावरून घड वाहिले. एक बाई हसली की सगळ्याच हसायच्या. बांधावर बसून भाकरी खाल्ली, मलाही बोलावलं. बोलता बोलता त्याला ती माणसं दिसायला लागली, त्यांच्या हातावरचे चिकाचे काळे डागसुद्धा. फोन ठेवावासा वाटेना.

"ड्यूटी होती, गेलो नाही," तो म्हणाला.

"जायचं होतंस. बोलावलं तर जावं." मग विचारलं, "परत येतील ना ती?"

पडल्या खोडांच्या बुडातून हिरवी पिलं, नवे कोंब, वर आली होती. हे मात्र खरं होतं.

"येतील. पुढच्या पिकाला पिलं राखलीत ना."

पलीकडे ताट सरकल्याचा आवाज आला. आबांनी वाढलं असावं. ती जेवत होती. तिनं फोन बंद केला नाही, आणि त्यानंही नाही. रस्त्यापलीकडे एक घड आपल्याच वजनानं तुटून खाली पडला. भूपेंद्रनं फोनवर हात ठेवला, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.